व्हीलचेअरवरून आलेलं साठावं मत

डिसेंबर 2009 मधली एक रविवारची रात्र. वॉशिंग्टनमध्ये आदल्या दिवशी फूट-दीड फूट बर्फ पडलेला, आणि सिनेटमध्ये मतदान ठेवलेलं मध्यरात्र उलटल्यावर, एकच्या सुमाराला. ओबामांच्या आरोग्यविमा विधेयकावरची चर्चा थांबवून पुढे सरकायचं तर शंभरातली 60 मतं हवी होती. डेमोक्रॅट गोटात मोजून 60 जण. त्यातले एक वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड. वय 92, तब्येत तोळामासा.

त्याच दिवशी ओक्लाहोमाचे रिपब्लिकन सिनेटर टॉम कोबर्न सभागृहात उभे राहिले. जनतेने आता एवढीच प्रार्थना करावी, की आज रात्री कुणालातरी मतदानाला येता येऊ नये, अशा अर्थाचं ते बोलले. नाव कुणाचं घेतलं नाही, पण नजर सगळ्यांची एकाच रिकाम्या बाकाकडे गेली असणार. हे कोबर्न पेशाने डॉक्टर, बाळंतपणं करणारे. मरणाची वाट बघणं त्यांच्या मनात नसेलही. राजकारणात माणूस बोलून जातो. पण बोलले ते असं.

बर्ड आले. व्हीलचेअरवरून आणले गेले, मत दिलं, घरी गेले. चार दिवसांनी, ख्रिसमसच्या आदल्या सकाळी सात वाजता, अंतिम मतदानालाही आले. 1895 नंतर पहिल्यांदाच सिनेट त्या दिवशी मतदानाला बसली होती. नाव पुकारलं गेल्यावर नुसतं ‘हो’ म्हणून ते थांबले नाहीत. हे मत माझा मित्र टेड केनेडी याच्यासाठी, असं त्यांनी खणखणीत सांगितलं. केनेडी चार महिन्यांपूर्वी मेंदूच्या कर्करोगाने गेले होते. त्यांची पत्नी वर गॅलरीत बसून ऐकत होती.

त्याच मतदानात आणखी एक प्रकार घडला. महिनाभर अर्धवट झोपेवर काढलेले डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी स्वतःच्याच विधेयकावर ‘नाही’ म्हणून टाकलं! हशा पिकला, त्यांनी कपाळाला हात लावून मत बदललं. 60 विरुद्ध 39.

आजारी माणसांना विमा मिळावा की नाही, या भांडणाची कागदपत्रं वाचायला घेतली की आकडे, टक्के, तज्ज्ञांचे अहवाल हाती लागतात. किस्से वाचायला घेतले की मात्र पानोपानी आजारी माणसं भेटतात. नुसती पीडित म्हणून नव्हे, मत देणारी आजारी माणसं. मला या सगळ्या प्रकरणात त्यांचंच फार आकर्षण वाटत आलंय.

आधी हे भांडण होतं कशावरून? नोकरीतून विमा मिळत असेल तर अमेरिकन माणसाचं बरं चाले. स्वतःच्या पैशाने घ्यायला गेलं, की कंपनी आधी आजारांची कुंडली मागे. मधुमेह, जुना कर्करोग, कधी गरोदरपणसुद्धा; ‘आधीपासूनचा आजार’ असा शिक्का बसला की दार बंद. मुलाकडे न्यू जर्सीला निघालेल्या आईबाबांचा प्रवासविमा ज्यांनी काढलाय, त्यांना ही भानगड ठाऊक आहे. बीपी, शुगर, गुडघे वगळून उरेल त्याचा विमा. मग उरतं काय?

याहून वाईट गोष्ट म्हणजे दिलेला विमा मागे घेणं. जून 2009 मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे टेक्सासमधली एक निवृत्त नर्स साक्षीला आली. तिला स्तनाचा कर्करोग होता. सोमवारी शस्त्रक्रिया ठरलेली, आणि आधीच्या शुक्रवारी कंपनीचा फोन: तुमच्या कागदपत्रांत गडबड आहे, चौकशी होईल. गडबड कसली, तर ती त्वचेच्या डॉक्टरकडे मुरुमांसाठी गेली होती आणि तिथल्या नोंदीचा अर्थ कुणीतरी भलताच लावला. विमा रद्द. तिने आपल्या मतदारसंघाचे खासदार जो बार्टन यांचं दार ठोठावलं. त्यांनी कंपनीच्या मागे लागून विमा परत मिळवून दिला. मधल्या काही महिन्यांत गाठ दुपटीहून मोठी झाली होती.

तीन कंपन्यांनी पाच वर्षांत जवळपास 20 हजार लोकांचे विमे असे रद्द केले, असं समितीला आढळलं होतं. त्यांचे अधिकारी समोरच बसलेले. समितीतून सरळ प्रश्न आला, की मुद्दाम फसवणूक केली नसेल तर विमा रद्द करणार नाही, असं वचन देता का? तिघांनीही एकामागून एक नकार दिला. आणि ते बार्टन? रिपब्लिकन होते. पुढच्या मार्चमध्ये विधेयक आलं तेव्हा त्यांच्या पक्षाच्या एकाही सदस्याने बाजूने मत दिलं नाही, त्यांनीही नाही. दाराशी आलेल्या एका बाईसाठी कंपनीशी भांडणं त्यांना जमलं. ढोंगी म्हणून त्यांना निकालात काढणं सोपं आहे. मला ते तितकंसं पटत नाही. आपल्याकडचे आमदारही एखाद्या पेशंटसाठी मध्यरात्री रुग्णालयात फोन लावतात आणि आरोग्याच्या बजेटच्या वेळी सभागृहाबाहेर चहा पीत असतात.

कंपन्यांची अडचणही खरी होती. सगळ्यांना विमा द्यायची सक्ती केली, तर धडधाकट माणूस आजारी पडेपर्यंत थांबणार आणि मग धावत येणार. भिशीत फक्त पैसे उचलणारेच यायला लागले तर भिशी किती दिवस चालेल? म्हणून निरोग्यांनाही विमा घ्यायला लावायचा, न घेतल्यास दंड, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना सरकारी मदत. ही तिपाईची कल्पना 1989 च्या सुमाराला उजव्या विचाराच्या हेरिटेज फाउंडेशनमधून पुढे आली. 2006 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ती राबवली रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी, आणि सहीच्या समारंभात शेजारी टेड केनेडी हसत उभे. 2008 च्या प्रचारात तिच्यातल्या सक्तीची सगळ्यात जोरात टिंगल कुणी केली असेल, तर ती ओबामांनी! घर घ्यायची सक्ती केली म्हणजे बेघरांचा प्रश्न सुटेल का, असं ते हिलरी क्लिंटनना विचारायचे. दोन वर्षांनी त्याच सक्तीखाली त्यांनी सही केली.

आरोग्ययोजनेवरून त्याआधी क्लिंटन दांपत्याचं हसं झालं होतं, त्याचीही एक आठवण आहे. 22 सप्टेंबर 1993 ला बिल क्लिंटन संसदेपुढे आरोग्ययोजना मांडायला उभे राहिले आणि समोरच्या टेलिप्रॉम्प्टरवर भलतंच भाषण सुरू झालं, सात महिन्यांपूर्वीचं अर्थव्यवस्थेवरचं. मागे बसलेले उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या कानात त्यांनी ते सांगितलं. तिकडे सहाय्यकांची तारांबळ. सात एक मिनिटं क्लिंटन मनातूनच बोलत राहिले आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागला नाही. भाषण वाचलं, 1342 पानांचं विधेयक मात्र वर्षभरात बुडालं.

ओबामांचंही बुडता बुडता राहिलं. जानेवारी 2010 मध्ये केनेडींच्याच जागेवर रिपब्लिकन स्कॉट ब्राऊन निवडून आले आणि साठावं मत गेलं. व्हाइट हाउसचे कारभारी राम इमॅन्युएल छोटंसं विधेयक आणून सुटका करून घ्या म्हणत होते. प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसींनी त्याला पोरांपुरतं औषध म्हणून उडवून लावलं. सिनेटने आधीच संमत केलेलं विधेयक जसंच्या तसं आपल्या सभागृहात आणून 21 मार्चला त्यांनी 219 विरुद्ध 212 मतांनी काढून नेलं. दोन दिवसांनी ओबामांनी 22 पेनांनी सही केली. केनेडींचा मुलगा पॅट्रिक आर्लिंग्टनला वडिलांच्या कबरीवर चिठ्ठी ठेवून आला: राहिलेलं काम झालं, बाबा.

मग सर्वोच्च कोर्टात कायद्याला आव्हान. 28 जून 2012 ला निकाल वाचायला सुरुवात झाली आणि दोन मोठ्या वाहिन्यांनी पहिली पानं चाळून ठोकून दिलं, की सक्ती रद्द. ओबामा ओव्हल ऑफिसबाहेर टीव्हीपुढे उभे होते. काही क्षण त्यांनाही आपण हरलो असंच वाटलं. तेवढ्यात त्यांच्या कायदा सल्लागार कॅथरिन रूमलर दोन्ही अंगठे वर करून आत आल्या. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी दंडाला कर मानून कायदा वाचवला होता.

पाच वर्षांनी, 2017 च्या जुलैत, पुन्हा अंगठा. ट्रम्प सत्तेवर, कायदा मोडीत काढायचा चंग बांधलेला. हाती काय उरलं होतं, तर आठ पानांचं एक विधेयक, मतदानाच्या काही तास आधी बाहेर आलेलं. अ‍ॅरिझोनाचे रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन दोन आठवड्यांपूर्वी डोळ्याच्या वर झालेल्या शस्त्रक्रियेनंतर नुकतेच परतले होते, भुवईवर टाके दिसत होते. निदान झालं होतं, मेंदूचा कर्करोग. 2009 मध्ये विरोधात पडलेल्या 39 मतांमध्ये त्यांचंही एक होतं, त्यामुळे ट्रम्पच्या लोकांनी त्यांना गृहीत धरलं असेल तर नवल नाही. उपराष्ट्राध्यक्ष पेन्स सभागृहात त्यांच्याशी वीस मिनिटांहून अधिक बोलत बसले. ट्रम्पचा फोनही येऊन गेला. बाहेर पत्रकारांनी विचारलं तेव्हा मॅकेन म्हणाले होते, खेळ बघा.

रात्री दीडच्या सुमाराला ते आत आले. नाव पुकारून झालं होतं, म्हणून कारकुनाचं लक्ष वेधायला हात वर केला, क्षणभर तसाच धरला आणि अंगठा खाली. ‘नाही.’ डेमोक्रॅट बाकांवर दाबलेला हुंकार उठला, कुणीतरी टाळी वाजवली. त्यांचे नेते चक शूमर मागे वळून दोन्ही हात हलवत त्यांना गप्प करत होते. रिपब्लिकनांचे नेते मिच मॅकॉनेल हाताची घडी घालून पुढ्यात उभे. 49 विरुद्ध 51.

दोन-चार दिवसांत मॅकेन उपचारांसाठी अ‍ॅरिझोनाला निघून गेले. केनेडी 25 ऑगस्ट 2009 ला गेले होते. मॅकेन गेले तेही 25 ऑगस्टलाच, 2018 मध्ये. दोघांना एकच आजार होता, आणि एकेकाळी दोघांनी मिळून स्थलांतरितांचं एक विधेयकही आणलं होतं. त्याचा मात्र कधी कायदा झाला नाही.