जेल नेलपॉलिश ओढून काढताय? थांबा जरा!

(या भागाचं थोडं नीटनेटकं केलेलं लिखित रूप. हेडफोन जवळ नसतील तर वाचा.)

००:००

आज विषय आहे नखांचा. 'मी कुठे नेलपॉलिश लावतो' म्हणणाऱ्यांनीही जरा थांबा, कारण तुमच्या घरात कोणीतरी लावतच असेल.

मागच्या लग्नसराईत चुलत बहिणीच्या हळदीसाठी मी पहिल्यांदा जेल मॅनिक्युअर केलं. दोन आठवडे नखं अशी चकाचक की विचारू नका. भांडी घासली, केस धुतले, एक टवका उडाला नाही. तिसऱ्या आठवड्यात अंगठ्याची कड थोडी सुटली. लोकलमध्ये चक्क बसायला जागा मिळाली होती, दुसरा काही उद्योग नव्हता. ती कड मी नखाने उचलली आणि सर्रकन अख्खा पापुद्रा हातात आला. काय समाधान वाटलं! ठाण्यापासून दादरपर्यंत दहाही बोटं मोकळी.

घरी येऊन बघते तर नखं खरखरीत, वर पांढरे चट्टे, कागदासारखी वाकतायत. चहाचा कप धरला तरी चटका बसतोय. आई म्हणाली, "केमिकल लावलंस ना, त्यानेच खाल्ली नखं." पण खाल्ली वगैरे काही नव्हती. मीच ती सोलली होती.

०१:२०: जेल म्हणजे नेमकं काय?

साधं नेलपॉलिश वाळतं म्हणजे त्यातलं द्रावण उडून जातं आणि रंगाचा थर मागे राहतो. रिमूव्हर लावला की तो थर परत विरघळतो. सोपं आहे.

जेलचं तसं नाही. जेल कधी 'वाळत' नाही. त्यात मेथॅक्रिलेट नावाच्या रसायनांचे छोटे छोटे रेणू असतात. दिव्याखाली हात धरला की त्या अतिनील किरणांनी हे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि प्लास्टिकचं घट्ट जाळं तयार होतं. कधी कधी दिव्याखाली एकदम चटका बसतो ना, तो या जोडणीतून निघणाऱ्या उष्णतेचा. नख पातळ असेल किंवा जेलचा थर जाड असेल तर जास्तच जाणवतो. अशा वेळी दात-ओठ खाऊन बसू नका, हात लगेच बाहेर काढा.

हे जाळं ॲसिटोनमध्ये नीट विरघळत नाही. ॲसिटोन आत शिरतं, जेल फुगतं आणि त्याची नखावरची पकड सुटते. 'सोक-ऑफ' म्हणजे हेच, भिजवून सोडवणं. आणि भिजायला वेळ लागतो. आपली गडबड होते ती इथेच.

०२:३०: ओढलं की काय होतं?

आपलं नख म्हणजे केरॅटिनने भरलेल्या चपट्या, मृत पेशींचे एकावर एक बसलेले थर. सगळे मिळून जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. जेल वरच्या थराला घट्ट धरून बसतं. आपण ओढतो तेव्हा जेल आणि नख यांच्यातली पकड सुटत नाही, नखाचे वरचे थरच एकमेकांपासून सुटतात. निघालेला पापुद्रा उलटा करून बघा, आतल्या बाजूला पांढरट काहीतरी चिकटलेलं दिसेल. ते तुमचं नख आहे.

मृत पेशी स्वतःला दुरुस्त करत नाहीत. त्यामुळे कुठलंही सिरम लावून गेलेला थर परत येत नाही. मुळातून नवीन नख वाढायचं आणि जुनं कापून टाकायचं, एवढाच उपाय. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण बदलायला जवळपास ६ महिने. माझी लोकलमधली वीस मिनिटं मला सहा महिन्यांना पडली! तोवर नखं आखूड ठेवा आणि रात्री थोडं खोबरेल तेल चोळा. तेलाने नख जाड होत नाही, पण कोरडेपणा कमी होतो आणि टोकं कमी तुटतात.

०३:३०: मग काढायचं कसं?

आधी वरचा चकचकीत थर फाइलने हलकेच घासून घ्या, कारण त्यातून ॲसिटोन सहज आत जात नाही. फक्त चकाकी जाईपर्यंत घासायचं, नखापर्यंत पोहोचायचं नाही. नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन लावा. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा छोटा बोळा फक्त नखावर ठेवा आणि वरून फॉइल गुंडाळा. १० ते १५ मिनिटं रील्स बघा. जेल सुरकुतून उचललं गेलं की लाकडी काडीने अलगद सरकवा. नाही सरकलं तर खरवडू नका, पुन्हा पाच मिनिटं गुंडाळा. शेवटी हात धुवा आणि तेल किंवा क्रीम लावा.

एक महत्त्वाचं, बरं का. ॲसिटोन चटकन पेट घेतं. स्वयंपाकघरात गॅसजवळ किंवा देवघरात निरांजनासमोर बसून हे काम करू नका. खिडकी उघडी ठेवा.

पार्लरमध्ये कोणी घाईने धातूच्या पट्टीने खरवडायला लागलं, तर "ताई, अजून थोडं भिजू दे ना" म्हणायला लाजू नका. नख तुमचं आहे.

०४:३०: कधी काळजी करायची?

जेल काढल्यावर दिसणारे पांढरे, खडबडीत चट्टे बहुतेक वेळा कोरडेपणाचे किंवा सोललेल्या थराचे असतात. नखाबरोबर ते पुढे सरकत निघून जातात. नख खालच्या कातडीपासून सुटलेलं दिसलं, तर मात्र त्यावर पुन्हा जेल नको. त्या फटीत पाणी साचतं आणि जंतू वाढतात. त्यातल्या एका जंतूमुळे नख हिरवट दिसायला लागतं. असं हिरवं नख नव्या रंगाखाली लपवू नका, डॉक्टरांना दाखवा.

०५:१०: जे वाढून जात नाही

आतापर्यंत सांगितलेलं बहुतेक नुकसान नखाबरोबर वाढून निघून जातं. ॲलर्जी मात्र जात नाही.

कच्चं, म्हणजे न जोडलेलं जेल कातडीला पुन्हा पुन्हा लागलं, की शरीर त्या रसायनाला शत्रू समजायला लागू शकतं. महिनोन् महिने काही होत नाही आणि मग एक दिवस नखाभोवती खाज, लाली, बारीक फोड, भेगा. कधी कधी पापण्यांवर किंवा मानेवर पुरळ येतं, कारण हात तिथे लागत असतात. ही ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते. आणि याच कुळातली रसायनं दातांच्या सिमेंटमध्ये, सांधे बदलताना वापरतात त्या सिमेंटमध्ये आणि साखर मोजणाऱ्या काही सेन्सरच्या चिकट पट्ट्यांतही असतात. म्हणजे आजच्या नखांचा प्रश्न उद्या दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत समोर येऊ शकतो.

यातलं मुख्य नाव 'हेमा'. युरोपियन युनियनने २०२० मध्ये नियम केला की नखांसाठी हेमा असलेली उत्पादनं फक्त व्यावसायिकांनीच वापरायची आणि ॲलर्जीचा इशारा वर छापायचा. आपण मात्र ऑनलाइन स्वस्त किट मागवतो. दिवा एका कंपनीचा, जेल दुसऱ्या कंपनीचं. वरून कडक झालेलं दिसतं, आत कच्चं राहतं. म्हणून घरी करत असाल तर दिवा आणि जेल एकाच कंपनीचं घ्या, थर पातळ द्या आणि जेल कातडीला लागलं तर दिव्याखाली जाण्याआधी पुसा. डब्यावर 'हेमा-फ्री' लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, त्या कुळातली इतर रसायनं आत असू शकतात.

खाज सुटली की त्याच दिवशी थांबा. जेल नीट भिजवून काढा आणि त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. पॅच टेस्ट करून ते नेमकं कशाचं वावडं आहे ते सांगू शकतात. 'या वेळी दुसरा ब्रँड करून बघते' हा प्रयोग करू नका.

आणि दिव्याचं म्हणाल, तर हाताला आधी सनस्क्रीन लावा किंवा बोटांची टोकं उघडी असलेले हातमोजे घाला. त्वचारोगतज्ज्ञ हाच सल्ला देतात.

०६:४०

जेल लावू नका, असं मी म्हणत नाहीये. मी स्वतः पुढच्या लग्नाला लावणार आहे. फक्त लावायला दीड तास देतो, तसा काढायलाही अर्धा तास द्या. आणि लोकलमध्ये कड सुटलेली दिसलीच, तर हात पर्समध्ये घाला आणि आमचा पुढचा भाग ऐका.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!