उपचारानंतर पुन्हा कामावर : व्यवसायोपचाराचे अर्थकारण

एखाद्या सुताराचा डावा हात अपघातात गेला, तर त्याची कमावण्याची क्षमता किती टक्के घटली असे मानावे? 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात कोणता अवयव गमावला यावरून टक्केवारी निश्चित केलेली होती. एका हातासाठी ती शंभराहून कमी होती. मात्र 1970 च्या दशकातील प्रतापनारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुताराची हानी शंभर टक्के धरली. कारण सुतारकाम एका हाताने होत नाही. पुढे राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2010) या खटल्यात न्यायालयाने हाच विचार अधिक स्पष्ट केला. हात गमावल्याने सुतार किंवा वाहनचालकाची कमाई जवळजवळ संपते. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. शारीरिक अपंगत्व आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या निर्णयांचा मथितार्थ होय.

भरपाईचा कायदा 'आता काय जमणार नाही' हे मोजतो. 'आता काय जमेल आणि त्यासाठी काय बदलावे लागेल' हा प्रश्न विचारणारी विद्याशाखा म्हणजे व्यवसायोपचार.

कार्यपद्धती

भौतिकोपचारात मुख्यतः स्नायूंचे बळ आणि सांध्यांची हालचाल यांवर भर असतो. व्यवसायोपचारात ती हालचाल प्रत्यक्ष कामाशी जोडली जाते. प्रथम कामाचे विश्लेषण केले जाते. उचलणे, पकडणे, उभे राहणे, लक्षात ठेवणे, वेळ पाळणे अशा घटकांत काम विभागून रुग्णाला नेमके काय अडते ते शोधले जाते. त्यानंतर तीन मार्गांनी उपाय योजले जातात : सरावाने क्षमता वाढवणे, अवजारात बदल करणे आणि कामाची रचना बदलणे. पकड कमजोर झालेल्या हातासाठी जाड मूठ, बसून काम करता येईल अशा उंचीचे टेबल, सुरुवातीस कमी तास व नंतर क्रमाक्रमाने पूर्ण पाळी, ही त्याची साधी उदाहरणे. मानसिक आजारातून सावरणाऱ्या व्यक्तीसाठी एकाग्रता, दिनक्रम आणि सहकाऱ्यांशी व्यवहार यांचा सराव तितकाच महत्त्वाचा असतो.

महाराष्ट्राचा वाटा

भारतात या शाखेच्या शिक्षणाचा पाया मुंबईत घातला गेला. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांच्या पुढाकाराने 1950 मध्ये के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे प्रशिक्षण सुरू झाले. 1952 मध्ये स्थापन झालेल्या व्यवसायोपचारकांच्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारताचा समावेश होता. 1955 मध्ये मुंबईतच हाजी अली येथे भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय स्तरावर वैधानिक चौकट मिळाली.

संरक्षणाची व्याप्ती

कर्मचारी राज्य विमा योजनेत विमाधारक कामगाराला आजारपणात वेतनाच्या 70 टक्के दराने वर्षातून कमाल 91 दिवस रोख लाभ मिळतो. या योजनेचा 1948 चा कायदा आणि 1923 चा भरपाई कायदा हे दोन्ही 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत एकत्र करण्यात आले. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 याच्या कलम 20 नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास सरकारी आस्थापनेला काढून टाकता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही. मूळ काम जमत नसल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते आणि तेही नसल्यास अधिसंख्य पद निर्माण करावे लागते. कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी पुरवण्याचे बंधनही याच कलमात आहे.

परंतु पद राखून ठेवण्याची ही हमी सरकारी आस्थापनांपुरतीच आहे. बांधकाम मजूर, शिंपी, हातगाडीवाला यांच्यासाठी पद राखून ठेवणारा कोणी नसतो. आजारपणात कमाई थांबते, उपचारासाठी कर्ज होते आणि कुटुंबातील मुलाला शाळा सोडून कामाला लागावे लागते. रुग्णालयाने 'बरा झाला' म्हणून घरी पाठवलेला मनुष्य अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने मात्र बरा झालेला नसतो.

पुढील दिशा

भरपाई झालेल्या हानीची किंमत देते. पुनर्वसन ती हानीच कमी करते. चाळिशीतील कामगार पुन्हा कामावर परतला, तर पुढील सुमारे वीस वर्षांचे उत्पन्न वाचते. म्हणून पुनर्वसनावरील खर्च हा केवळ कल्याणकारी खर्च नसून मानवी भांडवलातील गुंतवणूक आहे. असंघटित कामगाराला मालक सोय करून देणार नाही, तेव्हा शिलाईयंत्र पायाऐवजी हाताने किंवा मोटारीवर चालवण्याची व्यवस्था त्याच्या घरीच पोहोचली पाहिजे. त्यासाठी जिल्हा रुग्णालय आणि जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्र यांच्यात दुवा हवा. रुग्णाला घरी पाठवताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर 'हा मनुष्य कोणते काम करत होता?' याची नोंद होणे, ही त्याची पहिली पायरी होय.