जोडी कोणी जमवायची?

उन्हे कलली की रायपूरच्या शंकर नगरातील आमच्या गल्लीत दोन खांबांना जाळी बांधली जाते आणि अंधार पडेपर्यंत शटलचा टपटप आवाज चालू राहतो. या जाळीवर दोन मैत्रिणी गेली दोन वर्षे एका बाजूने खेळत आल्या. एक उंच, मागून जोरात मारणारी. दुसरी चपळ, जाळीजवळचे फटके अलगद उचलणारी. गेल्या मोसमात दुहेरीच्या संघाची निवड झाली. उंच मुलगी निवडली गेली, पण जोडीदार म्हणून तिला भलतीच मुलगी मिळाली. चपळ मुलगी घरी बसली.

संध्याकाळी तिची आई माझ्याकडे आली. म्हणाली, “वहिनी, हरली असती तर समजूत घातली असती. पण ती हरलीच नाही. मग तिला काय सांगू?” मागे उभी असलेली मुलगी हळूच म्हणाली, “काकू, जोडी निवडायची होती ना? मग त्यांनी एकेकटी का निवडली?”

प्रश्न तेरा वर्षांच्या मुलीचा होता, पण याच प्रश्नावर मोठमोठ्या संघटना अडखळल्या आहेत. आणि तो क्षुल्लकही नाही. इथून जवळच असलेल्या दुर्गची आकर्षी कश्यप २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक जिंकणाऱ्या भारताच्या बॅडमिंटन संघात होती. छोट्या गावांतल्या मुलींना ही वाट आता दिसू लागली आहे. त्या वाटेवरचे पहिले दार निवड समितीच्या हातात असते.

दोघांची बेरीज

एकट्याच्या खेळात निवड तुलनेने सोपी. कोण कोणाला हरवतो, ते पाहावे आणि नाव लिहावे. जोडीचे तसे नसते. देशातील पहिला आणि दुसरा खेळाडू एकत्र उभे केले म्हणजे देशातील पहिली जोडी तयार होते, असे नाही. संसारात जसे दोन गुणी माणसांचे पटेलच याची खात्री नसते, तसेच मैदानावरही असते.

पण याची दुसरी बाजूही आहे. जोडी नेहमी आपसूकच जुळते असेही नाही. मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्रमधल्या अमलापुरमचा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी हे दोघेही मागून जोरदार फटके मारणारे. दोघांची मातृभाषा वेगळी. दुहेरीत एकाने मागे तर एकाने जाळीजवळ राहावे, ही साधी रीत. इथे तर दोघेही मागचेच! तरीही भारतीय संघाचे त्या वेळचे मलेशियन प्रशिक्षक टॅन किम हर यांनी त्यांना एकत्र आणले. त्याच जोडीने २०२२ मध्ये थॉमस चषक जिंकून देण्यात मोठा वाटा उचलला आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. म्हणजे जुनी जोडी मोडणारा प्रत्येक प्रशिक्षक खलनायक नसतो. कधी कधी खेळाडूंना जे दिसत नाही, ते त्याला दिसते.

मग न्याय कशात आहे?

बर्फावरची जोडी

टीव्हीवर बर्फावरचे स्केटिंग आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्यातील जोडीच्या प्रकारात पुरुष जोडीदार स्त्रीला डोक्यावर उचलतो, दूर फेकतो आणि तिने एका पायाच्या पात्यावर तोल सावरत उतरायचे असते. विश्वासात जरा कसर राहिली तर हाडे मोडतात. इथे जोडी अक्षरशः जिवावरची असते.

ऑलिंपिकमध्ये या प्रकारात एका देशाला जास्तीत जास्त तीन जागा मिळतात. किती जागा मिळणार, हे मुख्यतः आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत त्या देशाच्या जोड्यांनी कोणते क्रमांक मिळवले त्यावरून ठरते. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी अमेरिकेकडे दोन जागा होत्या. त्या जानेवारीत नॅशव्हिल येथे राष्ट्रीय स्पर्धा झाली. अ‍ॅश्ली केन-ग्रिबल आणि टिमोथी लेड्यूक पहिले आले, जेसिका कॅलालँग आणि ब्रायन जॉन्सन दुसरे. दोन जागा आणि दोन विजेत्या जोड्या; हिशेब सरळ दिसत होता.

पण आदल्या वर्षीची विजेती जोडी, अलेक्सा क्निरिम आणि ब्रँडन फ्रेझर, या स्पर्धेतून बाहेर पडली होती. फ्रेझरला कोरोनाची लागण झाली होती. अमेरिकेच्या निवड समितीला केवळ एका स्पर्धेचा निकाल नव्हे, तर आधीची सगळी कामगिरी विचारात घेण्याची मुभा आहे. समितीने पहिल्या जोडीबरोबर क्निरिम आणि फ्रेझर यांना निवडले. चाचणीत दुसरी आलेली जोडी घरी राहिली.

पुढे बीजिंगमध्ये क्निरिम आणि फ्रेझर सहावे आले आणि मार्चमध्ये माँपेलिए येथे चक्क जगज्जेते ठरले. अमेरिकी जोडीला हा मान १९७९ नंतर प्रथमच मिळाला. मग समिती बरोबर होती ना? असे म्हणण्याचा मोह होतो. पण जरा थांबावे. त्या जागतिक स्पर्धेत रशियाच्या जोड्यांना बंदी होती आणि चीनच्या जोड्या आल्याच नव्हत्या. शिवाय निवडीच्या दिवशी पुढचे कोणालाच ठाऊक नसते. निवड बरोबर की चूक, हे त्या दिवशी समितीसमोर जे होते त्यावरूनच ठरवायला हवे. समितीच्या बाजूने खरी गोष्ट एवढीच की, फक्त चाचणीवर भर दिला जाणार नाही, हे खेळाडूंना आधीपासून माहीत होते. कॅलालँग आणि जॉन्सन यांचे दुःख त्यामुळे कमी झाले नसेल, पण नियम ऐन वेळी बदलला, असे मात्र कोणी म्हणू शकत नव्हते.

आपल्या घरातले भांडण

आता आपल्याकडे काय घडले ते आठवू या. मूळच्या गोव्याच्या घराण्यातला लिअँडर पेस आणि महेश भूपती १९९९ मध्ये फ्रेंच आणि विम्बल्डन या दोन्ही स्पर्धांत दुहेरीचे विजेते ठरले. पुढे दोघांचे बिनसले. तरीही २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ते एकत्र खेळले आणि कांस्यपदकाचा सामना तिसऱ्या सेटमध्ये १६-१४ असा हरले. पदक दोन गेमच्या अंतरावरून निसटले.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी मात्र सगळेच फिसकटले. पेस जगातील पहिल्या दहांत होता आणि त्यामुळे त्याला थेट प्रवेश होता. टेनिस संघटनेने आधी त्याच्याबरोबर भूपतीचे नाव जाहीर केले. भूपतीने नकार दिला. तो रोहन बोपण्णाबरोबर तयारी करत होता. बोपण्णानेही पेसबरोबर खेळायला नकार दिला. अखेर जूनमध्ये संघटनेने दोन जोड्या पाठवायचे ठरवले: भूपती आणि बोपण्णा ही एक, पेस आणि क्रमवारीत खूप खाली असलेला तरुण विष्णू वर्धन ही दुसरी. मिश्र दुहेरीत सानिया मिर्झाला पेसची जोडीदार केले. खरे तर त्याच महिन्यात सानियाने भूपतीबरोबर फ्रेंच स्पर्धेची मिश्र दुहेरी जिंकली होती!

सानियाने त्यावर जाहीर पत्रक काढले. एका नाराज खेळाडूची समजूत काढण्यासाठी आपला आमिषासारखा वापर झाला, अशी तिची तक्रार होती. तीन पुरुषांच्या रुसव्याफुगव्यात, जिने कोणाशीही भांडण केले नव्हते, तिलाच न विचारता वाटून टाकले गेले. आपल्या घरांतूनही असे घडत नाही का? भांडतात दोघे आणि तडजोड करायला लावतात तिसरीला.

निकाल काय लागला? पुरुषांच्या दोन्ही जोड्या दुसऱ्या फेरीत गारद झाल्या. पेस आणि सानिया उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले. पदक एकही नाही. त्यानंतर संघटनेने भूपती आणि बोपण्णा यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली आणि प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयापर्यंत गेले.

चार वर्षांनी, २०१६ मध्ये, तोच प्रयोग पुन्हा झाला. या वेळी पहिल्या दहांत बोपण्णा होता. त्याला साकेत मायनेनी हवा होता. संघटनेने पेसला दिले. रिओमध्ये ही जोडी पहिल्याच फेरीत हरली. मात्र त्याच ऑलिंपिकमध्ये सानिया आणि बोपण्णा ही मनाने जुळलेली जोडी चौथ्या क्रमांकापर्यंत गेली.

म्हणून जोडी खेळाडूंनीच ठरवावी काय? तेही पूर्ण खरे नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये बोपण्णाने आपल्या पसंतीने श्रीराम बालाजीला निवडले आणि तेही पहिल्याच फेरीत हरले. उलट, हांगझोऊला पुण्याची ऋतुजा भोसले आणि बोपण्णा ही काही वर्षानुवर्षांची जोडी नव्हती. अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ असा गमावूनही त्यांनी सुवर्णपदक आणले. निकालावरून पद्धत ठरवायला गेलो तर प्रत्येक जण आपल्या सोयीचे उदाहरण शोधील.

तीन साध्या अपेक्षा

निवड कोणाचीही होवो, समितीकडून तीन गोष्टींची अपेक्षा करणे वावगे नाही.

पहिली, निकष आधी सांगावेत. चाचणी महत्त्वाची की वर्षभराची कामगिरी? जोडी म्हणून पाहणार की एकेकटे? हे चाचणीच्या आधी फळ्यावर लिहिलेले असावे.

दुसरी, जोडी बदलायची तर पुरेशा आधी बदलावी. सात्त्विक आणि चिराग यांना जुळून यायला वर्षे मिळाली. ऑलिंपिकच्या पाच आठवडे आधी बांधलेल्या गाठीला ती मिळत नाहीत.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, जो वगळला गेला त्याला कारण सांगावे. समोर बसवून, दोन वाक्यांत का होईना. नकार माणूस पचवतो. न बोलता फिरवलेली पाठ पचत नाही.

आणि पालकांनी? आपल्या मुलीसाठी दाद मागण्यात कमीपणा नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये निवडीतून डावलले गेले, तेव्हा त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. कुस्ती पुन्हा लावली गेली, ती त्यांनी जिंकली आणि हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. मात्र लक्षात घ्या, खाशाबांनी मागितली ती संधी. दुसऱ्याचे नाव खोडा, असे ते म्हणाले नाहीत. दाद मागणे आणि वशिला लावणे यांत हाच फरक आहे. आणखी एक, निवडल्या गेलेल्या मैत्रिणीबद्दल घरात वाकडे बोलू नये. तिने काहीही हिसकावलेले नसते, आणि मुले आपले शब्द जसेच्या तसे जाळीपर्यंत घेऊन जातात.

मुलीच्या आईला मी एवढेच म्हटले, “भांडायला जाऊ नका, विचारायला जा.” ती गेली. उत्तर मिळाले की, मुलीचा हात चांगला आहे, पण मागे ढकलली गेली की तिचे पाय अडखळतात आणि लांबलेल्या सामन्यात जोडीदारावर सगळा भार पडतो. हे तिला चाचणीच्या दिवशीच का सांगितले नाही, या प्रश्नाला मात्र उत्तर नव्हते.

हल्ली त्या जाळीवर ती मुलगी मागच्या बाजूला उभी राहून खेळते. पुढे उभी असते तिची तीच उंच मैत्रीण. दोघी आपापल्या अवघड जागा शिकत आहेत. पुढच्या निवडीत त्या एकत्र असतील की नाही, कोणास ठाऊक. पण जाळी अजूनही रोज संध्याकाळी बांधली जाते, आणि ती बांधायला दोघीही येतात.