गाठीचे गूढ

द्राक्ष, सफरचंद, पीच किंवा गुलाब यांच्या बुंध्याशी, खोड आणि मूळ जेथे मिळतात तेथे, कधी कधी एक खडबडीत गाठ दिसू लागते. प्रथम ती वाटाण्याएवढी असते. पुढे वाढत वाढत मुठीहूनही मोठी होते. झाडाच्या पोषणाचा मोठा वाटा तीच घेते आणि कोवळे रोप खुरटते. अशी रोपे उपटून जाळण्यावाचून बागवानास बहुधा गत्यंतर उरत नाही.

ही गाठ होते तरी कशाने? १९०७ साली अर्विन स्मिथ आणि चार्ल्स टाउनसेंड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ही करणी मातीतील एका जंतूची असल्याचे सिद्ध केले. हा जंतू पुढे ‘अ‍ॅग्रोबॅक्टेरियम’ या नावाने प्रसिद्ध झाला. खुरप्याचा घाव बसला किंवा कलम करताना साल चिरली, की जखमेतून पाझरणाऱ्या द्रव्यांचा सुगावा त्यास लागतो आणि तो तेथे जाऊन चिकटतो.

परंतु खरे नवल पुढेच होते. १९४० नंतरच्या काही वर्षांत आर्मिन ब्राउन यांनी सदाफुलीच्या रोपांना हा जंतू टोचला आणि मग ती रोपे सुमारे ४६ अंश सेल्सिअस उष्णतेत ठेवली. रोपे तगली, जंतू मेले. तरीही गाठी वाढतच राहिल्या! चोर निघून गेला, पण घरातील चोरी काही थांबेना. तेव्हा जंतूने पेशीत काहीतरी मागे ठेवले असले पाहिजे, असे अनुमान ब्राउन यांनी काढले.

ते ‘काहीतरी’ हाती लागण्यास पुढे तीस वर्षे जावी लागली. १९७४ साली बेल्जियममधील गेंट येथे जेफ शेल, मार्क व्हान माँटॅग्यू व त्यांचे सहकारी यांना या जंतूत डीएनएचे एक मोठे कडे आढळले. या कड्याचा एक तुकडा गाठीच्या पेशींतही असतो, हे १९७७ साली अमेरिकेत मेरी-डेल चिल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. हा तुकडा वनस्पतीच्या डीएनएत सांधला जातो. त्यातील जनुकांच्या आज्ञेने पेशी बेसुमार वाढतात आणि जंतूस आवडणारे अन्न तयार करू लागतात. ते अन्न झाडाच्या मात्र कामी येत नाही!

मग शास्त्रज्ञांनी या तुकड्यातील अपायकारक जनुके काढून त्या जागी उपयोगी जनुके बसवली. १९८३ साली असे परके जनुक धारण करणारी रोपे तयार झाल्याचे जाहीर झाले. भारतात २००२ साली परवानगी मिळालेला बीटी कापूसही याच जंतूच्या साहाय्याने घडला.

ही विद्या मनुष्यास नवी वाटली, तरी मातीस ती जुनीच होती. लागवडीच्या रताळ्यांत याच कुळातील जंतूंची जनुके पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, असे २०१५ साली आढळून आले. उपवासाच्या ताटातील साध्या रताळ्यातही निसर्गाचा केवढा इतिहास साठलेला असतो!