नवजात अर्भकातील प्रतिक्षेपी क्रिया

विशिष्ट उद्दीपन मिळताच इच्छेच्या किंवा पूर्वानुभवाच्या साहाय्यावाचून अर्भकाच्या शरीराकडून ज्या ठराविक हालचाली होतात, त्यांना नवजात अर्भकातील प्रतिक्षेपी क्रिया म्हणतात. त्यांचे नियंत्रण मुख्यत्वे मेरुरज्जू व मस्तिष्क स्तंभ यांच्याकडून होते. जन्मसमयी प्रमस्तिष्काचे बाह्यक (मेंदूचा सर्वांत वरचा करडा थर) पुरेसे कार्यक्षम नसते. पुढील काही महिन्यांत त्याचा ताबा वाढत जातो, तसतशा या क्रिया दबतात व ऐच्छिक हालचालींना वाव मिळतो. म्हणून या क्रिया जन्मतः असणे जितके आवश्यक, तितकेच त्या वेळेवर नाहीशा होणेही आवश्यक असते.

पोषणाशी निगडित क्रिया सर्वांत निकडीच्या होत. गालाला स्पर्श होताच अर्भक त्या बाजूस मान वळवून तोंड उघडते. पाजताना बाळाचे तोंड स्तनाकडे वळावे म्हणून पुष्कळदा विरुद्ध बाजूचा गाल हाताने दाबला जातो. त्यामुळे ते नेमके हाताकडे वळते आणि बाळ दूध नाकारते असा आईचा गैरसमज होतो. ओठांत काही येताच चूषण सुरू होते. मात्र चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ गर्भावस्थेच्या सुमारे ३४ व्या आठवड्यापर्यंत नीट बसत नाही. त्यापूर्वी जन्मलेल्या बालकांना बहुधा नळीवाटे दूध द्यावे लागते. स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वतःच्या अपत्यांच्या निरीक्षणावरून असे दाखविले, की चूषण ही केवळ यांत्रिक क्रिया राहत नाही. सरावाने अर्भक स्तनाग्र व इतर वस्तू यांत भेद करू लागते. बुद्धीचा आरंभ त्यांनी येथेच मानला.

जर्मनीतील हायडेलबर्ग येथील बालरोगतज्ज्ञ एर्न्स्ट मोरो यांनी १९१८ मध्ये वर्णन केलेली क्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते. डोक्याचा आधार एकाएकी किंचित ढळल्यास अर्भक दोन्ही हात बाजूंना फेकते, बोटे पसरते व मग मिठी मारल्याप्रमाणे हात जवळ आणते. दुपट्यात गुंडाळलेले बाळ कमी दचकते, ते ही हालचाल आवरली गेल्यामुळे; तथापि पाय सरळ ताणून घट्ट बांधणे खुब्याच्या सांध्यास अपायकारक असते. मोरो क्रिया ३ ते ६ महिन्यांत मावळते. ती एकाच हातात दिसत नसल्यास प्रसूतीच्या वेळी गळपट्टीचे हाड मोडले असण्याची किंवा खांद्याजवळील तंत्रिकांना इजा झाली असण्याची शंका घ्यावी लागते.

तळहातावर बोट टेकविताच अर्भक ते घट्ट पकडते. लुई रॉबिन्सन या इंग्रज वैद्याने १८९१ मध्ये साठ नवजात बालके बारीक काठीला लोंबकळवून पाहिली, तेव्हा बहुतेकांनी स्वतःचा भार काही क्षण पेलला. वानरीच्या केसांना बिलगणाऱ्या पिलाचा हा वारसा असावा, असे त्याने मानले. (हा प्रयोग कोणी घरी करू नये.) ही पकड ५ ते ६ महिन्यांत सुटते आणि ती सुटल्यावरच मूल हवी ती वस्तू धरू व सोडू शकते.

उभे धरून तळपाय जमिनीस टेकविल्यास अर्भक पावले टाकते; ही क्रिया सुमारे दोन महिन्यांनी दिसेनाशी होते. तिचे कारण केवळ बाह्यकाचा दाब, असे दीर्घकाळ मानले जाई. अमेरिकन संशोधक एस्थर थेलेन व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये दाखविले, की अर्भकाचे पाय पाण्यात बुडविले असता पावले वाढतात आणि पायांना वजन बांधले असता घटतात. म्हणजे स्नायूंच्या बळापेक्षा पायांचे वजन झपाट्याने वाढते, हेही एक कारण ठरते. विकासाचा उलगडा एकट्या मेंदूवरून होत नाही, याचे इतके साधे उदाहरण विरळाच.

मान एका बाजूस वळविली असता त्या बाजूचा हात ताठ होतो व दुसरा कोपरात वाकतो. अर्भक धनुष्य ताणणाऱ्या धनुर्धरासारखे दिसते. ही क्रिया सहा-सात महिन्यांनंतरही ठळकपणे टिकल्यास कुशीवर वळणे व हात तोंडाशी नेणे कठीण होते. सेरेब्रल पाल्सी या विकाराची ती एक पूर्वसूचना असू शकते व वेळीच ओळखल्यास उपचार लवकर सुरू करता येतात. याउलट तळपाय ओरखडल्यावर अंगठा वर वळणे हे झोझेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये वर्णिलेले चिन्ह प्रौढात तंत्रिका-विकार सुचविते, तर पहिल्या वर्षात ते स्वाभाविक असते.

झोपाळू किंवा नुकतेच दूध प्यालेले अर्भक क्षीण प्रतिसाद देते; त्यामुळे एकाच तपासणीवरून निष्कर्ष काढू नये. अपुऱ्या दिवसांच्या बालकाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे लागते.

काही प्रतिक्षेपी क्रिया जन्मतः नसतात. मुलाला आडवे धरून एकाएकी खाली झुकविले, तर तोल सावरण्यासाठी ते हात पुढे पसरते. ही क्रिया साधारणतः ७ ते ९ महिन्यांच्या सुमारास प्रकट होते आणि चालायला शिकताना पडणाऱ्या मुलाचे तोंड तीच वाचविते. ती आयुष्यभर टिकते.