पदराची उलट बाजू

येवल्याच्या पेठेत पैठणी घ्यावयास आलेले जाणते गिऱ्हाईक साडी उलगडताच तिचा पदर उलटा करून पाहते. मोर किती देखणा आहे, काठ किती रुंद आहे, हे सारे मागाहून. प्रथम त्याची बोटे पदराच्या मागच्या अंगावरून फिरतात. हातमागावर विणलेल्या अस्सल पैठणीत नक्षीतील प्रत्येक रंगाचा धागा विणकर स्वतंत्र कांडीने हातांनी गुंफीत जातो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवितो. त्यामुळे पदरावरची नक्षी दोन्ही अंगांनी जवळजवळ सारखीच दिसते. यंत्रमागावरच्या साडीतही पुढून मोर तितकेच सुबक उठतात. परंतु मागे पाहावे तर बहुधा एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत मोकळे धागे गेलेले किंवा कापलेल्या धाग्यांची टोके राहिलेली आढळतात. पहिली साडी विणण्यास कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. दुसरी त्या मानाने फार लवकर तयार होते. दोहोंच्या किमतीत हजारो रुपयांचे अंतर पडते, आणि ते अंतर ओळखण्याची खूण पदराच्या मागे दडलेली असते.

आज हीच पैठणी नागपुरात, मुंबईत किंवा समुद्रापलीकडच्या एखाद्या घरात बसून मोबाईलवर पसंत करता येते. विणकराला दूरदूरची गिऱ्हाइके मिळतात आणि गिऱ्हाइकाचा प्रवास वाचतो. मात्र या ऑनलाइन बाजारात बोटांना काही काम उरत नाही. कापडाचा पोत चाचपता येत नाही, घडी हातात धरून तिचे वजन जोखता येत नाही, पदर उलटविता येत नाही. विकणारा जे छायाचित्र दाखवील तेवढेच दिसते. म्हणून अशा बाजारांनी छायाचित्रांसाठी नियम केले आहेत. वरवर पाहता ते केवळ टापटिपीचे नियम वाटतात. पण त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी गिऱ्हाइकाच्या हाताची उणीव कशी भरून काढावी, हाच प्रश्न आहे.

प्रश्न तसा जुना आहे. अमेरिकेत ॲरन माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने १८७२ मध्ये शिकागोहून टपालाने माल विकण्याचा उद्योग आरंभिला. त्याची पहिली मालयादी एका कागदापुरती होती. पुढे अशा याद्यांची जाडजूड पुस्तके झाली आणि त्यांत ठशांनी छापलेली चित्रे आली. दूरच्या खेड्यात राहणारा शेतकरी चित्रावरून घड्याळ किंवा शिलाईयंत्र पसंत करी व न पाहिलेल्या वस्तूसाठी न पाहिलेल्या माणसाला पैसे धाडी. त्याचा धीर खचू नये म्हणून वॉर्डने १८७५ मध्ये वचन दिले, की मालाने समाधान न झाल्यास पैसे परत मिळतील. ऑनलाइन बाजाराच्या आरंभीची एक हकीकतही अशीच आहे. पुढे ‘ईबे’ या नावाने प्रसिद्ध झालेला बाजार पिएर ओमिड्यार यांनी १९९५ मध्ये सुरू केला, तेव्हा तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर होता. तो १४.८३ डॉलरना गेला! वस्तू मोडकी आहे हे ठाऊक आहे ना, असे विक्रेत्याने आवर्जून विचारले. गिऱ्हाइकाने कळविले, की मोडके पॉइंटर जमविण्याचाच त्याला छंद आहे.

सर्वच गिऱ्हाइकांना असा छंद नसतो. आणि प्रत्येकाला असे विचारीत बसणेही लाखो वस्तूंच्या बाजारात शक्य नाही. तेथे छायाचित्रालाच बोलावे लागते. ‘ॲमेझॉन’च्या बाजारात प्रत्येक वस्तूचे एक मुख्य छायाचित्र असते, शोध घेताना गिऱ्हाइकाला प्रथम तेच दिसते. त्याची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी असावी लागते. पडद्यावरचा प्रत्येक रंग तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाच्या मिश्रणाने बनतो आणि प्रत्येक प्रकाशाची मात्रा ० ते २५५ या आकड्यांत मोजतात. तिन्ही मात्रा २५५ असल्या म्हणजे शुद्ध पांढरा रंग होतो. वस्तूने चौकटीचा निदान ८५ टक्के भाग व्यापावा, चित्रावर मजकूर, बोधचिन्ह किंवा किनार नसावी, आणि वस्तूबरोबर जे मिळणार नाही ते चित्रात ठेवू नये, असेही नियम आहेत. शेवटच्या नियमाचे कारण सहज ध्यानात येईल. पैठणीशेजारी मोत्यांची नथ ठेवून चित्र काढले, तर नथही मिळणार अशी कोणाची समजूत झाल्यास तिला दोष देता येणार नाही.

चित्राच्या आकारमानालाही मर्यादा आहे. छायाचित्र हे पिक्सेल नावाच्या अगणित बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. ‘ईबे’वर चित्राची लांब बाजू निदान ५०० पिक्सेलची लागते. ‘ॲमेझॉन’वर ती १००० पिक्सेल किंवा अधिक असली, तर गिऱ्हाइकाला चित्र मोठे करून पाहता येते. ही मोठे करून पाहण्याची सोय म्हणजे वस्तू डोळ्यांजवळ नेण्यासारखे आहे. ठिपके थोडे असले तर चित्र मोठे करताच ते फाटल्यासारखे दिसते आणि जरीचा धागा कोठे संपला, हे कळेनासे होते.

पांढऱ्या पार्श्वभूमीने एक अडचण मात्र उभी राहते. पितळेची अंगठ्याएवढी घंटा आणि देवळात टांगण्याची वीतभर घंटा, दोन्ही पांढऱ्या चौकटीत ८५ टक्के जागा व्यापून बसल्या म्हणजे सारख्याच दिसतात. शेजारी माणूस नाही, भिंत नाही, पाट नाही. मग मोजायचे कशावरून? नियमांनी शोभेच्या वस्तू दूर सारल्या, त्यांबरोबर मापही गेले. याचा उपाय पुढील चित्रांत करावा लागतो. मुख्य चित्रानंतर जोडावयाच्या इतर चित्रांत घंटा तळहातावर धरून दाखविता येते, तिच्या बाजूला फूटपट्टी ठेवता येते, मापे लिहिता येतात. घाईचे गिऱ्हाईक पहिल्याच चित्रावर थांबते आणि घरी आलेली घंटा पाहून कपाळावर हात मारून घेते. त्यात विक्रेत्याचा अपराध नेहमीच असतो असे नाही.

सर्वांत कठीण प्रकरण रंगाचे. वस्तूचा रंग तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशावर अवलंबून असतो. पूर्वी कापडाच्या दुकानात चाणाक्ष बायका साडी दारापर्यंत नेऊन उन्हात पाहत, ते याच कारणाने. दुकानातल्या पिवळट दिव्याखाली जांभळा रंग कोणता आणि मोरपंखी कोणता, याचा नेम नसे. कॅमेरा तर मनुष्याच्या डोळ्यांहून भोळा. पिवळ्या दिव्यात डोळा पांढऱ्या धोतराला पांढरेच समजतो. कॅमेऱ्याला तो दिवा कसला आहे हे नीट उमगले नाही, तर तेच धोतर पिवळे उतरते. छायाचित्रकार म्हणून आरंभी वस्तूशेजारी एक पांढरा कागद ठेवून चित्र घेतात. कागद चित्रात पांढरा दिसेल अशी योजना केली, की बाकीचे रंगही ताळ्यावर येतात. भर दुपारचे ऊनही उपयोगाचे नाही. त्यात जर नुसती चकाकते आणि नक्षी हरवते. खिडकीतून येणारा सौम्य उजेड बरा.

पैठणीत तर याहून गंमत आहे. काही पैठण्यांत उभे धागे, म्हणजे ताणा, एका रंगाचे असतात आणि आडवे धागे, म्हणजे बाणा, दुसऱ्या रंगाचे. अशा वस्त्राला धूपछाव म्हणतात. तांबड्या ताण्यावर हिरवा बाणा विणला, तर साडी एका बाजूने हिरवी भासते आणि घडी जरा हलविली की तांबडी झाक मारते. तिचा खरा रंग कोणता, असे विचारले तर विणकर हसेल. कोणत्याही एका छायाचित्रात ही साडी खोटीच दिसणार! प्रामाणिक विक्रेता दोन-तीन कोनांतून चित्रे घेतो किंवा साडी हलवून तिचे चलच्चित्र दाखवितो. पुढे प्रत्येकाच्या मोबाईलचा पडदा रंग थोडाफार निराळा दाखवितो, ही गोष्ट वेगळीच. तिच्यावर विक्रेत्याचा इलाज नाही. परंतु कित्येक विक्रेते याच सबबीचा आडोसा घेऊन फिके कापड भडक करून दाखवितात. पडद्याने केलेला फरक आणि मुद्दाम केलेला फरक एकच मानता येत नाहीत.

वापरलेल्या वस्तूंविषयी ‘ईबे’चा नियम अधिक कडक आहे. कारखान्याने नव्या वस्तूचे काढलेले तयार चित्र जुन्या किंवा बिघडलेल्या वस्तूसाठी लावता येत नाही. जी वस्तू जाणार तिचेच चित्र लागते. सायकलीच्या दांड्यावर ओरखडा असेल तर तो चित्रात दिसला पाहिजे. विकणाऱ्याला वाटते, की दोष दाखविला तर गिऱ्हाईक पळेल. काही पळतातही. जे राहतात त्यांना ओरखडा ठाऊक असतो. ते सायकल परत पाठवीत नाहीत.

आणखी एक उपद्रव चोरीच्या चित्रांचा. एखाद्या विणकराने आपल्या हातमागावरील साडीचे सुरेख चित्र लावावे, आणि दुसऱ्याने ते उचलून त्याखाली यंत्रमागावरची साडी विकावी, असे घडू शकते. यात गिऱ्हाईक फसते. पण अधिक घाव विणकराला बसतो. त्याचाच मोर पडद्यावर निम्म्या किमतीत नाचू लागतो आणि त्याची खरी साडी महाग, म्हणून संशयास्पद ठरते. छायाचित्रावर काढणाऱ्याचा हक्क असतो. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने, २०१२ मधील दुरुस्तीनंतर, हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत व त्यापुढे साठ वर्षे टिकतो. मग चित्रावर आडवे नाव छापून टाकावे, असे कोणास सुचेल. पण त्या नावाखाली वस्तू झाकली जाते, म्हणून बाजारांचे नियम ते चालू देत नाहीत. एका बाजूने हक्क आणि दुसऱ्या बाजूने स्पष्टता अशी ही ओढाताण आहे, आणि नियमांनी येथे गिऱ्हाइकाची बाजू घेतली आहे. विणकराच्या हाती उरते ते बाजारचालकाकडे तक्रार करणे आणि मूळ चित्रे जपून ठेवणे.

बाजारांचे नियम त्या त्या बाजारापुरते असतात. देशाचा कायदा सर्वांना लागू होतो. भारत सरकारने जुलै २०२० मध्ये ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम लागू केले. वस्तूचे वर्णन व चित्रे बिनचूक असतील आणि तिचे स्वरूप, प्रकार, गुण व उपयोग यांच्याशी जुळतील, अशी हमी बाजारचालकाने विक्रेत्याकडून घेतली पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे. वस्तू जाहिरातीप्रमाणे नसेल, तर ती परत घेण्यास किंवा पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. अलीकडे संगणकाकडून हवी तशी चित्रे रचून घेता येऊ लागली आहेत. न विणलेल्या साडीचे चित्रही तो क्षणात उभे करतो. पण चित्र कॅमेऱ्याने काढले की संगणकाने रचले, हा भेद या हमीत नाही. घरी येणारी साडी त्या चित्राशी जुळली पाहिजे. फसगत झालेल्या ग्राहकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते. तेथे बोलताना विक्रेत्याने दाखविलेले चित्र जवळ असावे लागते. म्हणून वस्तू मागविताना ते चित्र मोबाईलमध्ये उतरवून ठेवणे शहाणपणाचे.

मात्र पदराच्या उलट बाजूचे चित्र लावलेच पाहिजे, असे वर सांगितलेल्या नियमांपैकी एकही सांगत नाही. पांढरी पार्श्वभूमी, ८५ टक्के जागा आणि हजार पिक्सेल हे सारे सांभाळूनही विक्रेत्याला साडीची पुढची बाजू तेवढी दाखविता येते. येवल्याचे जाणते विणकर ते एक चित्र आपण होऊन जोडतात: पदर उलटा घातलेला, खिडकीच्या उजेडात, मोराची पिसे जवळून दिसतील असा. आणि ज्या घरी साडी पोहोचते तेथली आजी पुडके उघडल्यावर मोबाईलकडे पाहतसुद्धा नाही. ती साडी खिडकीशी नेते, पदर उलटा करते आणि मागच्या अंगावरून बोटे फिरविते.