अंदाजाला अचूकतेचा शिक्का
१५ ऑगस्ट १९७२ रोजी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून सहा अंकी पिनकोड सुरू झाला. त्याने टपालाचा विभाग ठरला. घर शोधणे पोस्टमनच्या स्मरणावरच राहिले. आज पत्त्याचे अक्षांश-रेखांश संगणक काढतो. ‘मारुतीच्या देवळामागे’ हे त्याला उमगले नाही, तर पुष्कळदा तो पिनकोड-क्षेत्राचा मध्यबिंदूच पुढे करतो. नकाशावर हा अंदाजही अचूक उत्तराइतकाच ठाम दिसतो. त्याची किंमत मात्र रुग्णवाहिकेची वाट पाहणाऱ्या, बिननावाच्या गल्लीतील रहिवाशाला मोजावी लागते. २०२५ साली टपाल खात्याने आणलेला डिजिपिन सुमारे ४ मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनापर्यंत पोहोचतो, परंतु मजला सांगत नाही. म्हणून प्रत्येक बिंदूसोबत त्याच्या अचूकतेचा दर्जाही दाखविणे बंधनकारक व्हावे. अंदाज हा अंदाज म्हणूनच मांडावा, हा हिशेबाचा पहिला नियम नव्हे काय?